अ‍ॅडम व्हिनाटेरी : चोवीस हंगाम एकच काम

हूजिअरकर

अमेरिकन फुटबॉलवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण सगळे क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्यावर. टॉम ब्रेडी मोठा की पेटन मॅनिंग, झालं. आज मी किकरवर धागा काढतोय. ज्यांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घातलेल्या रेड्यांची टक्कर वाटते त्यांनीही वाचा, कारण किकर कोणाला टक्कर देतच नाही. अंडाकृती चेंडू एका माणसाने जमिनीवर उभा धरायचा, दुसऱ्याने येऊन लाथ मारायची आणि तो दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून गेला पाहिजे. खांबांत अंतर साडेअठरा फूट, दांडी दहा फुटांवर. फील्ड गोल झाला की ३ गुण. चेंडू समोरच्यांच्या मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एन्ड झोनमध्ये, नेला की टचडाऊन; त्यानंतरची छोटी किक असेल तर १ गुण, तोच एक्स्ट्रा पॉइंट. एवढं कळलं तरी धागा वाचायला पुरेसं आहे.

मी बरीच वर्षं इंडियानापोलिसला आहे. इथल्या कोल्ट्सकडे अ‍ॅडम व्हिनाटेरी २००६ साली आला आणि थेट निवृत्त होईपर्यंत राहिला. त्याआधी दहा हंगाम न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे. एकूण २४ हंगाम, नियमित मोसमाचे ३६५ सामने, ५९९ फील्ड गोल, २,६७३ गुण. एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात इतके गुण कोणाच्याच नावावर नाहीत. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, चार वेळा जिंकला.

पण मला सांगायचंय ते २०१९ बद्दल. वय ४६. पहिल्याच सामन्यात दोन फील्ड गोल आणि एक एक्स्ट्रा पॉइंट हुकला, सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि हरलो. दुसऱ्यात दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले. आमच्या ऑफिसात सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी त्याचा तेरावा घालून झाला होता. २७ ऑक्टोबरला डेन्व्हरविरुद्ध घरच्या मैदानावर सामना होता, त्याची तिकिटं मला मिळाली.

आमच्या जागा खालच्या मजल्यावर, बाजूच्या रेषेला लागून. इतक्या जवळून किकर पहिल्यांदाच बघत होतो. बाकीचे बाकावर बसलेले, पाणी पितायत, ओरडतायत, टॅब्लेटवर मागचे डाव बघतायत. हा एकटा. मागे एक जाळी उभी केलेली, त्यात चेंडू मारतोय. मारला की जाळीतून काढायचा, पुन्हा ठेवायचा. कोणी त्याच्याशी बोलत नाही, पाठीवर हात ठेवत नाही. गावच्या लग्नात एखादा नातेवाईक मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो ना, तसा. मग नाव पुकारलं गेलं, ४५ यार्डांची किक, हुकली. परत येऊन पुन्हा जाळीसमोर उभा. नंतर टचडाऊन झाला, एक्स्ट्रा पॉइंट मारायला गेला, तोही हुकला. माझ्या मागचा माणूस जे बोलला ते इथे लिहिलं तर धागा उडेल.

आणि त्याच सामन्यात २२ सेकंद उरलेले असताना ५१ यार्डांवरून किक मारून त्याने सामना जिंकून दिला. १५-१३.

त्यानंतर पाच आठवड्यांनी तो शेवटचा खेळला. तो हंगाम खेळायला नको होता, असं सगळेच म्हणतात. मला तसं वाटत नाही. का, ते चर्चेत लिहीन.

कृष्णाकाठ

वाचलं. प्रामाणिक शंका. संघात पन्नास-बावन्न धडधाकट लोक असताना लाथ मारायला वेगळा माणूस पगारावर का ठेवतात? क्रिकेटमध्ये अकरा जणांतल्यांनीच सगळं करायचं. चोवीस हंगाम खेळला म्हणता, पण मैदानावर एकूण किती वेळ उभा राहिला असेल?

हूजिअरकर

@कृष्णाकाठ, पूर्वी तसंच होतं. कोणीतरी क्वार्टरबॅक किंवा लाइनमन बुटाच्या टोकाने सरळ मारायचा. मग १९६४ साली बफलो बिल्सकडे पीट गोगोलाक आला. हंगेरीहून आलेल्या कुटुंबातला, फुटबॉल, म्हणजे आपला फुटबॉल, खेळून वाढलेला. तो तिरका धावत येऊन पायाच्या आतल्या वरच्या भागाने मारायचा. लोक हसले. दहा-पंधरा वर्षांत बहुतेक सगळे तसं मारू लागले. सरळ मारणाऱ्यांतला शेवटचा मोठा किकर मार्क मोझली. १९८२ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तो एकमेव किकर. एकदा ते काम इतकं बारीक झालं की बाकीच्यांच्या हातातून, म्हणजे पायातून, गेलंच.

टेक्सासची_आई

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण माझा मुलगा शाळेच्या संघात किकर आहे आणि गेली दोन वर्षं आमच्या घरात दुसरा विषय नाही.

लाथ एकटा मारत नाही, तिघं मिळून मारतात. लाँग स्नॅपर पायांमधून चेंडू मागे फेकतो, साधारण सात-आठ यार्ड. होल्डर गुडघ्यावर बसून झेलतो, टेकवतो, बोटाने धरतो. चेंडू निघाल्यापासून पाय लागेपर्यंत मोठ्यांच्या लीगमध्ये साधारण सव्वा ते दीड सेकंद. त्याहून जास्त लागला तर समोरचे अंगावर येऊन किक अडवतात. या चेंडूला एका बाजूला शिवण असते, लेस. ती किकरच्या बाजूला आली तर पाय लेसवर लागतो आणि चेंडू कुठेही जातो. म्हणून चांगला स्नॅपर चेंडूचे वेढे असे मोजून फेकतो की होल्डरच्या हातात पडताना लेस खांबांकडे असेल. नसेल तर होल्डरने तेवढ्यात फिरवायची.

माझा मुलगा आणि त्याचा होल्डर आमच्या ड्राइव्हवेवर संध्याकाळी हेच करतात. पाय लावायचाच नाही, फक्त झेल, टेकव, फिरव. झेल, टेकव, फिरव. मी कुकर लावते तोवर शंभर वेळा होतं. पहिल्या वर्षी कोच त्याला सरावात शेवटची दहा मिनिटं द्यायचे, तीही उरली तर. बाकी वेळ, धागाकर्त्यांनी लिहिलंय तसंच, जाळी.

हूजिअरकर

@टेक्सासची_आई, लेसवरून आठवलं. डेन्व्हरच्या पुढच्याच आठवड्यात पिट्सबर्गला सव्वा मिनिट उरलेलं असताना त्याची ४३ यार्डांची किक हुकली आणि आम्ही २६-२४ ने हरलो. टीव्हीवर संथ गतीत दाखवलं तेव्हा लेस त्याच्याकडेच होती. रेकॉर्डमध्ये मात्र होल्डरच्या नावाचा रकानाच नसतो. हुकली ती व्हिनाटेरीच्या नावावर.

वऱ्हाडी_ठेचा

ह्ये म्हणजे आमच्या चेतन शर्मासारखं झालं! १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूवर चार पाहिजेत, यॉर्कर टाकायला गेला, पडला फुलटॉस, मियांदादने सिक्सर ठोकला. त्याआधी त्याने किती विकेटा काढल्या कोणाले आठवते? कोणालेच नाही. पण मी नागपूरचा आहो. ३१ ऑक्टोबर १९८७ ले त्याच चेतन शर्माने आमच्या व्हीसीएवर न्यूझीलंडचे तीन दांडे ओळीने उडवले. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. बाबा मैदानात होते. गावसकरचं वनडेतलं एकुलतं एक शतकबी त्याच दिवशी. तरी आजबी चेतन शर्मा म्हटलं का लोक शारजाच काढतात.

तुमच्या किकरायमधी असा कोणी आहे का?

चार्ल्सकाठची_वहिनी

@वऱ्हाडी_ठेचा, आहे ना. स्कॉट नॉरवूड. २७ जानेवारी १९९१, टॅम्पाचा सुपर बोल. बफलो बिल्स न्यूयॉर्क जायंट्सपेक्षा एका गुणाने मागे, आठ सेकंद बाकी, ४७ यार्ड. किक उजवीकडून बाहेर. २०-१९ ने हरले. 'वाइड राइट' हे दोन शब्द अजूनही बफलोत कोणासमोर काढायची सोय नाही.

पण पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी संघ परत आला तर चौकात हजारो लोक जमलेले. आणि ते ओरडत होते की स्कॉटला पुढे आणा, आम्हाला स्कॉट पाहिजे. शिव्या द्यायला नाही. तो माइकसमोर आला तेव्हा त्याला बोलताही येईना. आमचे शेजारी मूळचे बफलोचे, थंडीत बर्फ काढता काढता त्यांनी हे सांगितलं आणि फावडं टेकवून उभेच राहिले.

आणि पुढच्याच हंगामात बिल्स पुन्हा सुपर बोलला गेले ते डेन्व्हरला १०-७ ने हरवून. त्यातले तीन गुण नॉरवूडचेच. तुमच्या नागपूरच्या हॅटट्रिकसारखं. तेही कोणी काढत नाही.

हूजिअरकर

वहिनी, तुम्ही नॉरवूड काढलात म्हणून एक गंमत सांगतो. त्या सामन्यात जायंट्सना २०-१९ करून देणारी शेवटची यशस्वी किक मॅट बारची. प्रशिक्षक होते बिल पार्सेल्स. पाच वर्षांनी हेच पार्सेल्स पेट्रियट्सचे प्रशिक्षक, किकर हाच मॅट बार, वय ४०. आणि सरावाला एक पोरगा आला, कोणत्याच संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्यांच्या वार्षिक निवडीत, न निवडलेला. नाव व्हिनाटेरी. ऑगस्ट १९९६ मध्ये पार्सेल्सनी सुपर बोल जिंकून देणाऱ्या बारला घरी पाठवलं आणि पोराला ठेवलं. चाळिशीचा किकर नको म्हणून ज्याला जागा मिळाली तो स्वतः सेहेचाळीसपर्यंत खेळला.

त्या पोराची आधीची कथाही वेडीवाकडीच आहे. साउथ डाकोटातल्या रॅपिड सिटीचा. आधी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला, दोन आठवड्यांत परत आला. मग साउथ डाकोटा स्टेट विद्यापीठ, म्हणजे मोठ्या संघांचे लोक जिकडे फारसे फिरकत नाहीत असं ठिकाण. पदवी झाली, बोलावणं कुठूनच नाही. तेव्हा तो व्हर्जिनियात डग ब्लेव्हिन्सकडे शिकायला गेला. ब्लेव्हिन्सना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. आयुष्यात एकदाही चेंडूला लाथ मारलेली नाही. फिल्म बघून, कोन मोजून त्यांनी या विद्येत प्रावीण्य मिळवलं. तिथून १९९६ च्या वसंतात युरोपातल्या लीगमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संघाकडून खेळला, आणि मग पेट्रियट्स.

अवांतर : त्याचे खापरपणजोबा फेलिक्स व्हिनाटेरी हे इटलीहून आलेले बँडमास्तर. जनरल कस्टरच्या सातव्या घोडदळाचे. १८७६ साली पलटण लिटल बिगहॉर्नच्या लढाईला निघाली तेव्हा बँडला मागे तळावर ठेवलं, म्हणून जगले. बाकीचे लढताहेत आणि आपण बाजूला वाद्यं घेऊन थांबलोय, हे घराण्यातच असावं.

कृष्णाकाठ

हा हा. पण मग माझा मुद्दा तोच. बँडवाला तो बँडवाला. खेळाडू कशाला म्हणायचं?

हूजिअरकर

@कृष्णाकाठ, हा वाद पार्सेल्सनीच मिटवलाय. १५ डिसेंबर १९९६, डॅलस. सामना १२-६ सुटला आणि सगळेच्या सगळे अठरा गुण दोन्हीकडच्या किकर्सचे. त्या सामन्यात डॅलसच्या हर्शेल वॉकरने किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी लांब किक, झेलला आणि सगळ्यांना चुकवून सुटला. वॉकर म्हणजे कोण, तर धावपटू, १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बॉबस्लेड संघातही होता. समोर मोकळं मैदान. मागून पहिल्या हंगामातला व्हिनाटेरी धावत गेला, त्याला गाठलं आणि पाडलं. पार्सेल्स त्याला म्हणाले की तू किकर नाहीस, फुटबॉलपटू आहेस. या माणसाच्या तोंडून कौतुक म्हणजे करवंदीला आंबा.

चार्ल्सकाठची_वहिनी

आता बर्फातली किक कोणी सांगणार आहे की मीच सांगू?

१९ जानेवारी २००२, फॉक्सबरो, आमच्या पेट्रियट्सचं घरचं मैदान. आम्ही अमेरिकेत येऊन चारच महिने झालेले. वॉल्थममधलं भाड्याचं घर, हीटर खडखडणारा. हे मित्राकडून सेकंडहँड टीव्ही घेऊन आले होते. मला खेळ कळत नव्हता, पण बाहेर आणि टीव्हीत एकच बर्फ पडतोय याची मजा वाटत होती. ओकलंड रेडर्स १३-१० ने पुढे. ब्रेडीच्या हातून चेंडू निसटला, सगळं संपलं असं वाटलं, आणि पंचांनी व्हिडिओ बघून निर्णय फिरवला. त्यावर वेगळा धागा निघेल, तिकडे भांडा.

मग २७ सेकंद उरलेले असताना ४५ यार्डांची किक. म्हणजे एकेचाळीस मीटर, सात-आठ सेंटिमीटर बर्फात. त्याने नेहमीसारखं पाऊल रोवून जोरात मारलंच नाही. पाय घसरू नये म्हणून छोटी पावलं टाकत, जवळजवळ चालत आला. चेंडू नेहमीसारखा उंच गेला नाही, खालूनच, कटलेल्या पतंगासारखा तरंगत गेला. मला वाटलं पडला. टीव्हीवरच्यांनाही वाटलं असणार. दांडीच्या वरून गेला. १३-१३.

ओव्हरटाइममध्ये २३ यार्डांची सोपी किक होती. समोरच्यांनी त्याचं चित्त विचलित व्हावं म्हणून टाइमआउट घेतला. आणि तेवढ्या वेळात आमच्या लोकांनी बुटांनी बर्फ सारून त्याच्यासाठी जागा साफ करून घेतली! १६-१३. स्नॅपर लॉनी पॅक्स्टन धावत जाऊन एन्ड झोनमध्ये बर्फात उताणा पडून हातपाय हलवायला लागला. ते बघून हे म्हणाले, 'आता झोपूया', आणि दोघंही दोन वाजेपर्यंत जागे.

दोन आठवड्यांनी सुपर बोल, न्यू ऑर्लिन्स. सेंट लुइस रॅम्सविरुद्ध १७-१७, ४८ यार्ड, चेंडू हवेत असताना वेळ संपली. २०-१७. दोन वर्षांनी ह्यूस्टनला कॅरोलायनाविरुद्ध पुन्हा तेच, ४१ यार्ड, ४ सेकंद बाकी, ३२-२९. त्या रात्री आधी त्याची एक हुकली होती आणि एक अडवली गेली होती, हे मात्र आमच्याकडे कोणी बोलत नाही.

टेक्सासची_आई

वहिनी, टाइमआउटचा किस्सा मुलाला वाचून दाखवला. म्हणाला, "हे कोचना सांग."

एक सांगते, कारण बाहेरून कळत नाही. मागच्या मोसमात त्याची एक किक हुकली, सामना दोन गुणांनी गेला. पार्किंगमध्ये एका पालकाने त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एकच तर काम असतं." गाडीत तो काही बोलला नाही. घरी आल्यावर जेवला, आणि बॅग घेऊन ड्राइव्हवेवर गेला. रात्री साडेदहाला होल्डरची आईपण त्याला सोडायला आली. दोघी पायरीवर बसून होतो. झेल, टेकव, फिरव.

गुडघेदुखी

फिजिओ आहे, म्हणून एवढंच. सगळे मारणाऱ्या पायाकडे बघतात. खरा भार दुसऱ्या पायावर येतो. उजव्या पायाने मारणारा धावत येऊन डावा पाय चेंडूच्या बाजूला रोवतो. पूर्ण वेग त्या एका गुडघ्यात थांबतो आणि वर धड फिरतं. हे चोवीस वर्षं, सामन्यातल्या किकच्या कित्येक पट सरावात. व्हिनाटेरीचं २०१९ चं ऑपरेशन डाव्या गुडघ्याचंच होतं. रोवलेला पाय भरवशाचा नसेल तर नेम आधी जातो, ताकद नंतर. एक्स्ट्रा पॉइंट हुकत होते आणि ५१ यार्ड जात होतं, ते मला त्यामुळेच पटतं.

हूजिअरकर

@गुडघेदुखी, धन्यवाद. हेच मला हवं होतं. त्या हंगामात त्याने २५ पैकी १७ फील्ड गोल केले आणि सहा एक्स्ट्रा पॉइंट घालवले. १ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध तीन गेले, त्यातले दोन अडवलेले, आणि एक अडवलेला चेंडू उचलून ते थेट टचडाऊन करून आले. मग ऑपरेशन. पुढे २६ मे २०२१ ला निवृत्ती सांगितली तीही पॅट मॅकाफीच्या कार्यक्रमात. मॅकाफी म्हणजे कोल्ट्समध्ये त्याच्यासाठी चेंडू धरणारा होल्डर.

तो हंगाम खेळायला नको होता म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की त्याला कसं कळावं? क्वार्टरबॅकला कळतं, बॅट्समनला कळतं. चेंडू उशिरा दिसतो, पाय हलत नाही. किकरला आठवड्याला दोन-तीन संधी. १९९८ साली मिनेसोटाच्या गॅरी अँडरसनने नियमित मोसमात ३५ पैकी ३५ मारल्या. सुपर बोलच्या दारात चाळीस यार्डांच्या आतली एक हुकली, आणि ओव्हरटाइममध्ये अटलांटाच्या मॉर्टन अँडरसनने ३८ यार्डांची मारून त्यांना घरी बसवलं. आडनावं सारखी, एक दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, एक डेन्मार्कचा. गॅरीचा पाय त्या दिवशी म्हातारा झाला होता का? तो पुढे कित्येक हंगाम खेळला. गुणांचा विक्रम गॅरीकडून मॉर्टनकडे, आणि २०१८ साली मॉर्टनकडून व्हिनाटेरीकडे आला. व्हिनाटेरीने २०१५-१६ मध्ये सलग ४४ मारल्या होत्या, तेव्हा तो ४३ वर्षांचा. त्या माणसाने तीन वर्षांनी चार हुकल्या म्हणून स्वतःला संपला समजायचं?

कृष्णाकाठ

मान्य. शब्द मागे घेतो. चार हुकल्या म्हणजे संपला हे ठरवणारे आपण कोण. हॉल ऑफ फेमचं काय?

हूजिअरकर

तिथे किकरला दार किलकिलंच उघडतं. फक्त लाथ मारणारा म्हणून पहिला गेला यान स्टेनेरुड, नॉर्वेचा, स्की जंपिंगच्या शिष्यवृत्तीवर मोंटानाला आलेला, १९९१ साली. दुसरा मॉर्टन अँडरसन, २०१७. व्हिनाटेरीचं नाव २०२५ साली पहिल्यांदा अंतिम यादीत आलं तेव्हा निवड झाली नाही.

टेक्सासची_आई

मुलगा विचारतोय. डेन्व्हरची ५१ यार्डांची ती किक तुम्ही इतक्या जवळून बघितलीत, तर ती खांबांच्या मधोमध गेली की कडेने? आणि डावा पाय रोवताना तो अडखळला का? तुम्ही हुकलेल्याचं सगळं लिहिलंत, जिंकलेल्याचं एकच वाक्य.

हूजिअरकर

पकडलंत.

आम्ही बघितली नाही. १३-१२ ने मागे, कोल्ट्स स्वतःच्या एन्ड झोनला पाठ टेकवून उभे, दोन मिनिटंसुद्धा नाहीत. बायको म्हणाली, "आता गर्दीच्या आधी निघूया, आणि तो काही मारणार नाही." मीही म्हटलं चला. आम्ही बाहेरच्या उतारावर होतो, हातात अर्धं राहिलेलं नाचोजचं खोकं. आधी एक आरोळी आली, मग सगळं शांत, मग दुसरी. पहिलीला मी थांबलो नाही. दुसरीला आमच्यापुढचा कोल्ट्सच्या जर्सीतला एक आजोबा गर्रकन वळला आणि उलटा, वर पळायला लागला. जर्सीवर ४ नंबर होता, व्हिनाटेरीचाच.

मुलाला सांगा, नंतर टीव्हीवर बघितली. डावा पाय नीट रोवला होता.

टेक्सासची_आई

सांगितलं. म्हणतोय, शुक्रवारी आमच्याकडे सामना आहे, आई, शेवटपर्यंत बस.